नथ्थूजी मेडलवाले

मेडल हातात आलं की नथ्थूजी त्यावरच्या इंग्रज राजाचं तोंड नंतर पाहत, आधी कड पाहत. "पह्यले कड दाखव!" हाच त्यांचा रामराम. यवतमाळच्या बाजारात त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. पण डोळ्याला लावलेलं भिंग घड्याळांपेक्षा जुन्या पलटणींच्या मेडलांवरच जास्त फिरायचं. खऱ्या मेडलाच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव ठोकलेलं असतं. ते नसलं की नथ्थूजी भडकलेच. "हे मेडल? हे त बैलाच्या गळ्यात बांधा!"

माणूस फटकळ म्हणजे किती फटकळ? राळेगावला मुलगी पाहायला गेले. होणाऱ्या सासऱ्यानं कौतुकानं आपलं मेडल दाखवलं. यांनी भिंग लावलं आणि हातातली चहाची बशी खाली न ठेवताच निकाल दिला, "जुनं नाव घासून तुमचं ठोकलं हाय." झालं! सोयरीक तिथंच मोडली, आणि गडी जन्मभर एकटा राहिला. वर तोरा काय, तर "खोट्याले खरं कायले म्हणू?"

हे सगळं मी चवीनं सांगत असे, माझ्यावर शेकेपर्यंत.

चीनच्या लढाईनंतर गावात जुन्या शिपायांच्या घरच्यांचा सत्कार ठरला. माझे वडील पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन लढलेले. मी लहान असतानाच ते वारले. त्यांचं चांदीचं मेडल मायनं देवाजवळ जपून ठेवलं होतं. ते घेऊन मी ऐटीत सत्काराच्या बैठकीला गेलो. तपासायचं काम अर्थातच या महाशयांकडे. दहा माणसांसमोर ते म्हणाले, "वामन, याच्या कडेवर नाव नाही, बारीक खाचा हायेत. अन् तुह्या बापाच्या लढाईतल्या राजाले दाढी होती. हा बिनदाढीचा त्याचा पोरगा, मागून गादीवर आला. हे मेडल नाही. रुपया हाय, मागची अक्षरं घासून कडी लावलेला."

माझं टाळकंच सटकलं. माझा बाप खोटा? "लोकायची घड्याळं बिघडवता, अन् माह्या बापाले खोटं पाडता?" मी नको नको ते बोललो. म्हाताऱ्यानं भिंग पुसून खिशात टाकलं. घरी येऊन मायसमोरही तासभर आगपाखड केली. ती उठून देवाजवळ जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी नथ्थूजी आपणहून बैठकीत आले. उभे राहिले आणि जन्मात जे कोणी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं ते बोलले, "मी चुकलो. वामनचं मेडल खरं हाय."

माझा सत्कार झाला, गळ्यात हार पडला. तरी वर्षभर मी त्यांचा पिच्छा सोडला नाही. दुकानापुढून जाताना ओरडायचो, "काय नथ्थूजी, कड दिसते का आता?" ते मान खाली घालत. लोकांनीही त्यांच्याकडे मेडलं आणायचं सोडलं. एकदा चुकलेल्या नजरेवर कोण भरवसा ठेवतो?

एका दुपारी घरात मी त्यांची नक्कल करत होतो, तर माय एकदम रडायलाच लागली. "बस कर रे! रुपयाच हाय तो. तुह्या बहिणीच्या लग्नात जोडव्यायले चांदी नव्हती, म्हून म्या मेडल आटवलं. तू तवा अमरावतीले शिकाले होता. तुले त्या मेडलचा भारी गर्व, म्हून सोनारानं हलक्या चांदीच्या रुपयाले कडी लावून देली. मागच्या साली नथ्थूजीच्या दुकानात जाऊन पाय धरले म्या त्यायचे, माह्या पोराले सांगू नका म्हून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो रुपया घेऊन तसाच दुकानात गेलो. लाज वाटत होती, तितकाच रागही येत होता. या माणसानं वर्षभर माझ्या शिव्या काहून ऐकून घेतल्या?

"मायनं सांगितलं सारं," मी म्हणालो. "चला, लोकायले खरं सांगून टाकू."

"अन् तिले रडत टाकून इकडं आला?" नथ्थूजी कडाडले. माझ्या हातातला रुपया घेऊन त्यांनी माझ्याच खिशात कोंबला. "जाय घरी! तुही माय जित्ती हाय तोवर हे मेडल खरं हाय."