बाबाराव मास्तरांची ताटी

शिरड शहापूरच्या शाळेतले बाबाराव मास्तर कुंपण घालायचे, पण ते कशाच्याच भोवती नसायचं. घरापासून लांब मोकळ्या जागी तुराट्यांची एखादी ताटी उभी. तिच्या अलीकडं काही नाही, पलीकडं काही नाही.

"मास्तर, ही काय राखती?" लोक विचारायचे.

"वारं अडवू न्हाई, दमवावं. वारं हमाल हाय. दम लागला का ओझं टाकतो." त्यामुळं म्हणे घरात धूळ येत नव्हती.

हे ज्ञान ध्रुवावरचं. निजामाच्या राज्यातल्या भूगोलाच्या पुस्तकात त्यांना बर्फाचं एक पान सापडलं आणि तिथून ते परत आलेच नाहीत. तिकडं बर्फ पडून गप बसत नाही, वारा त्याला चालवतो. आधी लोळतो, मग उड्या मारतो, मग उडतो. लोळणं ते वर्गात स्वतः करून दाखवत. उडण्यासाठी घरून ज्वारीचं पीठ आणत. त्यांच्या घरच्या काकू शाळेच्या दारात येऊन विचारायच्या, "आज भाकरी वाऱ्याच्या थापू काय?"

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "आपने बर्फ देखी है?"

"नहीं साहब, हवा देखी है."

'बर्फ्या मास्तर' हे नाव मी ठेवलं. मी त्याच शाळेत नवा मास्तर होतो. ते नाव गावात आधी लोळलं, मग उड्या मारत गेलं, आता कुणालाच आवरत नाही. गाव अजून त्यांना येडा म्हणतं, म्हणून हे लिहितो.

होळीसाठी लोकांचं सरपण पळवायची आमच्याकडं रीत. एका वर्षी पोरांच्या पुढं मीच होतो. मास्तरांच्या ताट्या आम्ही एकेक उपटल्या. मास्तर मागं मागं हसत येत होते. "न्या, न्या. होळीलाबी वारं लागतंय."

शेवटची ताटी ओढ्याकाठी, माळावर होती. तिला हात घातला तसे ते आडवे आले.

"ही राहू द्या."

"काहून? पलीकडं ध्रुव हाय का?" मी म्हणालो. पोरं खिदळली. मास्तरही हसले, जरासे. पोरं पुढं जाईस्तोवर थांबले.

ताटीमागं हातभर लांबीचा मातीचा उंचवटा होता.

"आमचं लेकरू हाय. पयल्या उन्हाळ्यात वारं वरची सारी माती घेऊन गेलं. तुमच्या काकूला मी इकडं येऊच दिलं न्हाई." ते उकिडवे बसले. लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा उंचवट्यावरून हात फिरवला. "आता नेत न्हाई. आणून टाकतंय."

पोरांना मी सांगितलं, त्या ताटीला वाळवी लागलीय. होळी त्या वर्षी बुटकीच झाली.