चाखणाऱ्याची सुई

माझ्या जिभेला आजवर कुणी फसवलेलं नाही, असं मी छाती काढून सांगायचो. छातीच्या आधी पोट पुढे यायचं, तो भाग वेगळा! बिस्किटांच्या कारखान्यात मी चाखणारा. मी मान डोलावली की माल बाहेर, तोंड वाकडं केलं की भट्टी बंद. भट्टीवाल्याने आपलं बिस्कीट आधी चाखायचं नाही, हा आमच्याकडचा जुना नियम.

तर वजन आणि साखर दोन्ही वाढली म्हणून डॉक्टरीणबाईंनी आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केलं. "मळमळेल. थोडं थोडं खा, तेलकट टाळा, त्रास झाला तर लगेच सांगा." मी हसलो. असले त्रास नाजूक माणसांना! (पहिली सुई घेताना बायकोला माझा हात धरावा लागला, ते सोडा.) कारखान्यात मात्र अवाक्षर काढलं नाही. मालकीणबाईंनी चाखण्यावरून काढलं असतं तर?

दुसरी सुई घेतली आणि सवयीने भरपेट जेवलो. सकाळी कामावर जातो तो भट्टीवाल्या काकांच्या नव्या बिस्किटाची परीक्षा! निवृत्तीआधी आपलं एक तरी बिस्कीट बाजारात जावं, एवढाच त्यांचा ध्यास. मालकीणबाई जातीने हजर.

लोण्याचा वास आला आणि माझ्या पोटात कुणीतरी कणीक तिंबायला घेतली. कसाबसा तुकडा तोंडात टाकला. तोंड असं काही वाकडं झालं!

"करपलं का रे?"

"नाही, काका..."

"मग लोणी जास्त झालं?"

लोणी म्हणताच मी खणखणीत ढेकर दिला.

"कळलं! बोलू नकोस!" काका दुसऱ्या ट्रेच्या तयारीला लागले.

दुसऱ्या वेळी तुकडा ओठांना लागायच्या आत मी बेसिनकडे पळालो. परत आलो तर काका एप्रनची गाठ सोडत होते.

"बाई, माझा हात गेला. उद्यापासून मी येत नाही."

मला या कामावर त्यांनीच लावलं होतं. त्यांचे भरलेले डोळे बघून मला गलबलून आलं.

"काका, बिस्कीट नाही, माझं पोट बिघडलंय! मी बारीक व्हायची सुई घेतोय!"

काकांनी मला मिठीच मारली. "गाढवा, आधी बोलायला काय झालं होतं? जीव गेला ना माझा!"

"आज नियम बाजूला राहू दे," मालकीणबाई म्हणाल्या. "काका, तुम्हीच चाखा."

काकांनी ऐटीत तुकडा मोडला, चावला आणि थांबले. मग पहिल्या ट्रेमधला चावला.

"अरे देवा! मीठच नाही की! घाबरून दोन्ही वेळा विसरलो!"

तिसऱ्या ट्रेमध्ये मीठ पडलं, मालकीणबाईंनी स्वतः मान डोलावली आणि काका ढसाढसा रडत हसले. मीही रडलो, तेवढ्यात पुन्हा बेसिन गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी मला चांगलंच झापलं आणि डोस वाढवणं लांबणीवर टाकलं. आता मी चार घासांवर थांबतो. पण एक गोष्ट मनाला खाते. त्या दिवशी सुईचं न बोलता 'काका, तुम्हीच चाखून बघा' एवढंच म्हटलं असतं, तर 'नुसत्या वासावर अळणी बिस्कीट ओळखणारा माणूस' म्हणून मिरवलो असतो! आता कारखानाभर मला 'सुईसम्राट' म्हणतात.