पाखरू बुजवणारा मुऱ्हाळी

रामजीला पाखरू दिसलं की त्याचा हात डोक्यावर गेलाच म्हणून समजा. हातात गोफण असो नसो, हात गरगर फिरतो आणि तोंडातून आरोळी सुटते, "हाऽऽ हुर्रर्र!" जन्म गेला शेतातल्या माळ्यावर उभं राहून जोंधळा राखण्यात. त्यात वाईट काही नाही. पण हा माणूस माळ्यावरून खाली उतरला तरी मनानं वरच असतो.

एका लग्नात चिमण्या अक्षता टिपायला मांडवात उतरल्या. नवरा-नवरी अंतरपाटाला उभी, भटजी मंगलाष्टक म्हणतायत. तेवढ्यात, "हाऽऽ हुर्रर्र!" नवरदेवाची घोडी दावं तोडून पळाली ती वारंगा फाट्यावर घावली. भटजी बिचारे किती अष्टकं झाली तेच विसरले. सगळे शिव्या द्यायला लागले तर रामजी म्हणतो, "दाणा खाऊन राहिल्या व्हत्या. बघत बसू व्हय?"

हा माझा मेहुणा. माझ्या यमुनेच्या पाठचा. लग्न केलं नाही, का केलं नाही ते विचारलं की पाखरांवर घसरतो. आमच्याकडं लेकीला पंचमीला माहेरी न्यायला जो येतो त्याला मुऱ्हाळी म्हणतात. रामजी दर साली बैलगाडी घेऊन यायचा. चहा प्यायलासुद्धा दम नाही. "ऊठ अक्का, बैल खोळंबले."

दुष्काळ सरून दोन-तीन सालं झाली होती. यमुना आषाढात गेली. त्याच्यावर मी काही लिहीत नाही. लेकरू-बाळ नव्हतं. श्रावण लागला आणि पंचमीच्या तोंडावर दारात बैलगाडी.

"येडा झालास का?" मी म्हणलं. "कुणाला न्यायला आलास?"

"तुमाला. उठा दाजी, बैल खोळंबले."

बायकोच्या जागी नवऱ्याला न्यायला मुऱ्हाळी आलेला तुम्ही कुठं ऐकलाय? मला काही उमगेना. पण भांडायला अंगात जोर नव्हता. गाठोडं बांधलं आणि बसलो.

गाडी त्याच्या गावाला वळलीच नाही. वसमतच्या स्टँडवर थांबली. गाडी माघारी न्यायला गडी उभाच होता. तिथून यष्टी, मग रेल्वे, मग आणखी रेल्वे. तेव्हा कुठं रामजीनं तोंड उघडलं. गेल्या साली पाखरांचा अभ्यास करणारे एक साहेब आमच्या माळावर माळढोक हुडकत आले होते. त्यांनी त्याला सांगितलं होतं, राजस्थानच्या वाळवंटात हे पाखरू थोडं उरलंय, कुत्र्या-कोल्ह्यांपासून त्याची अंडी राखायला माणसं पाहिजेत. पगार नाही. भाकरी मिळंल.

"फुकट?" मी विचारलं.

"फुकटच."

"आन् मग ते पाखरू खायचं?"

"खायचं न्हाई, दाजी!"

हाकलायचं नाही, खायचं नाही, पैसे नाहीत. मग काहून चाललो आम्ही? अजूनही नीट सांगता यायचं नाही.

तिथं नुसती वाळू आणि काटेरी झुडपं. सिद्धेश्वरचं धरण आणून ओतलं तरी जिरून जाईल. माळढोक मात्र बघण्यासारखं. मोराएवढं अंग, उंच मान, चालणं पाटलिणीचं. पण संसार कसा, तर सालातून एक अंडं, ते पण उघड्या भुईवर. खाली काडी नाही. साहेबांनी आम्हाला काट्याच्या आडोशाला बसवलं आणि बजावलं, "कुत्रं आलं तरच उठायचं. एरवी आवाज नको."

पहिले काही दिवस रामजी हात मांडीखाली दाबून बसला. मग एका सकाळी मादी अंड्यावरून उठली आणि चार पावलं जाऊन नाकतोडे टिपायला लागली. भुईवर चोच मारणारं पाखरू! रामजीचा हात मांडीखालून सुटला.

"हाऽऽ हुर्रर्र!"

मादी धावली, पंख फडफडले आणि झुडपांपलीकडं गेली. अंडं उघडं पडलं.

साहेब मागं जीपजवळच होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी डोकं धरलं. "ऊन चढायच्या आत आली तर बरं. नाहीतर अंडं गेलं. आता हलू नका, बोलू नका." असं म्हणून ते जीप लांब घेऊन गेले.

रामजीचं तोंड काळं ठिक्कर पडलं. त्यानं पिशवीत हात घातला, एक कापड काढलं आणि तोंडात कोंबलं. आरोळी सुटू नये म्हणून. मी बघतो तर हिरवा, लाल काठाचा चोळीचा खण. नवाकोरा. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"आरं, हा हितं काहून आणलास?" मी हळूच विचारलं.

तो नुसता गुंगुं करून झुडपांकडं बोट दाखवायला लागला.

ऊन वर सरकत होतं. रामजीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मला वाटलं खण घशात गेला. मी पाठीत धपका घातला तर त्यानं माझा हात झटकला आणि मग तोच हात घट्ट धरून बसला.

झुडपातून मान वर आली. मादी दोन पावलं टाके, थांबे, परत दोन पावलं. शेवटी अंड्यावर जाऊन बसली.

रामजीनं खण तोंडातून काढला. "आली हो दाजी," तो म्हणाला. "कुणी न्यायला न जाता आली."

मग तो चावलेला, ओला खण गुडघ्यावर ठेवून सारखा करत बसला. "अक्काचा हाय. जेठातच घेऊन ठिवला व्हता. मुऱ्हाळी रिकाम्या हातानं जात नसतो." बराच वेळ हात फिरवला त्यानं त्याच्यावरून. "पंचमी आली. गाडी जुंपली. मग आता जाऊ कुणाला न्यायला? तुमीच सांगा."

मी खणाची घडी घातली आणि माझ्या गाठोड्यात ठेवली.

आता पंचमी जवळ आली की मी सकाळीच गाठोडं बांधून ओट्यावर बसतो. गल्लीतली पोरं हसतात, "म्हातारा माहेरी निघाला." हसू द्या. उन्हं जरा वर येतात आणि गाडी दारात उभी राहते.

"उठा दाजी, बैल खोळंबले."

बैल कधीच खोळंबलेले नसतात. निवांत कडबा खात असतात. मी उठतो.