चार मिनिटं, दहा सेकंद

आमच्या शेजारच्या वैरागडे काकूंकडे कोणी गेलं की दार उघडल्यावर त्या आधी गळ्यातल्या स्टॉपवॉचकडे बघतात आणि मग माणसाकडे. "गाडीपासून दारापर्यंत एकतीस सेकंद? मागच्या वेळी चोवीस होते. गुडघा दुखून राहिला काय?"

काकू नागपूरच्या एका शाळेत तीस वर्षं पीटीच्या बाई होत्या. निवृत्त झाल्या, काका गेले, मग मुलाने त्यांना इकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आणलं. मैदान तिकडेच राहिलं, स्टॉपवॉच बरोबर आलं. चहाला उकळी यायला किती सेकंद लागतात, गराजचं दार मिटायला किती, मुलगा आंघोळीला किती लावतो, सगळं त्यांना पाठ. मंडळाच्या गणपतीत त्यांनी आरतीची वेळ मोजली आणि प्रसादाच्या रांगेत खणखणीत आवाजात जाहीर केलं, "यंदा एक कडवं खाल्लं बरं का कोणीतरी!" तेव्हापासून आरती म्हणणारे जोशीकाका त्यांच्याकडे पाठ करून उभे राहतात.

"येते थोड्या वेळात" असं त्यांना म्हणायची सोय नाही. लगेच प्रश्न येतो, "थोडा म्हणजे किती?"

माझी मुलगी इरा पाच वर्षांची आहे. ती ऑटिस्टिक आहे. पुस्तकं घडाघडा वाचते, फ्रीवेवरच्या एक्झिटची नावं ओळीने सांगते. पण शाळेची घंटा, बाथरूममधला हँड ड्रायर, असं काही एकदम वाजलं की कानांवर हात ठेवून वाट फुटेल तिकडे पळते. पळताना तिला गाड्या दिसत नाहीत.

हे काकूंना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दोन दिवस माझ्याकडे दे. रांगेत उभी नाही राहिली तर नाव बदलीन." मला इतका राग आला की पुढचे काही आठवडे मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

किंडरगार्टन सुरू झाल्यापासून आम्ही इरासाठी मदतनीस मागत होतो. दिवसभर तिच्याजवळ राहील असं एक माणूस. इथे अशा मुलांसाठी शाळा आणि पालक मिळून एक लेखी आराखडा करतात, त्याला आयईपी म्हणतात. त्यात लिहिलं असेल ते शाळेला द्यावंच लागतं. लिहिलं नसेल तर नुसतं गोड हसू मिळतं. आमच्या दोन मीटिंगा त्या हसण्यातच संपल्या. "ती वाचनात वर्गाच्या पुढे आहे, मग मदतनीस कशाला?" शाळेच्या सायकॉलॉजिस्ट विचारायच्या. मी घरी येऊन रडायचे, आणि माझा नवरा निखिल लॅपटॉप उघडून नियम वाचत बसायचा.

एका मंगळवारी मी सनीव्हेलला ऑफिसात होते. फोन वाजला. काकू.

"मुग्धा, इरा ठीक आहे. पहिले हे ऐक, मग घाबर."

काकू रोज सकाळी शाळेच्या कुंपणाजवळून चालायला जातात. रिसेस संपल्याची घंटा झाली आणि त्यांना इरा दिसली. नीट न लागलेल्या फाटकातून बाहेर आलेली, कानांवर हात, धावत थेट पार्किंगमध्ये. दोन गाड्यांच्या मधे जाऊन ती खाली बसली. त्यातली एक व्हॅन मागे यायला लागली होती. काकू व्हॅनच्या मागे आडव्या उभ्या राहिल्या, हात वर केला आणि मैदानावरचा तो आवाज लावला, "स्टॉप!"

व्हॅन थांबली. काकू इराला हात न लावता तिथेच उभ्या राहिल्या. कोणीतरी शोधत येईल म्हणून वाट बघत.

फ्रीवेवर मी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. संध्याकाळी शाळेची ईमेल आली: इरा काही क्षणांसाठी आखलेल्या जागेच्या बाहेर गेली होती, ती सुरक्षित आहे. काकूंनी ती माझ्याकडून दोनदा मराठीत वाचून घेतली.

"काही क्षण म्हणजे किती?"

"काकू, ती त्यांची भाषा असते."

"त्यांना किती ते माहीत नाही. मला आहे." त्यांनी स्टॉपवॉच पुढे केलं. चार मिनिटं, दहा सेकंद. "बटण कधी दाबलं मलाच ठाऊक नाही. हाताची सवय. टीचर धावत आली तेव्हा बंद केलं."

आम्ही तातडीने मीटिंग मागितली. मुलाला ओळखणारं माणूस पालकांना सोबत आणता येतं, हा नियम निखिलने शोधून काढला होता. काकू सुती साडी, पांढरे बूट आणि गळ्यात स्टॉपवॉच अशा आल्या.

टेबलापलीकडे प्रिन्सिपल, सायकॉलॉजिस्ट आणि इराची टीचर. फाटक दुरुस्त केलंय, प्रिन्सिपल म्हणाले. इरावर सगळ्यांचं लक्ष असतं. त्या दिवशी ती अगदी क्षणभरच बाहेर होती.

"एक्सक्यूज मी," काकू म्हणाल्या. "क्षणभर मीन्स हाऊ मच?"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण त्यांनी मला हातानेच थांबवलं. स्टॉपवॉच टेबलाच्या मधोमध ठेवलं. "नो टॉकिंग. प्लीज." आणि बटण दाबलं.

पहिलं मिनिट प्रिन्सिपल हसऱ्या चेहऱ्याने बसले. सायकॉलॉजिस्टनी काहीतरी बोलायला सुरुवात केली, काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. शाळेच्या त्या अधिकारी बाई चौथीतल्या मुलीसारख्या गप्प झाल्या. दुसऱ्या मिनिटाला हसू मावळलं. खिडकीतून पार्किंग दिसत होतं. एक गाडी मागे आली, वळली, गेली. मग दुसरी. निखिलने टेबलाखाली माझा हात धरला. मला ओरडावंसं वाटत होतं की पुरे, बंद करा. तिसऱ्या मिनिटाला टीचरने खिडकीवरची नजर खाली वळवली. पुढचं एक मिनिट संपेचना.

काकूंनी बटण दाबलं. "सांग त्यांना," त्या मला म्हणाल्या, "इतका वेळ कोणालाच पत्ता नव्हता."

मी सांगितलं.

टीचर तरुण होती. ती प्रिन्सिपलकडे न बघता म्हणाली, "माझ्याकडे चोवीस मुलं आहेत. मला एकटीला जमत नाहीये. तिला कोणीतरी हवंय."

त्यानंतर कोणी गोड हसलं नाही. दीड तास वाद झाला. दिवसभराचा मदतनीस मिळाला नाही. रिसेस, जेवण आणि वर्ग बदलताना एक माणूस कायम इराबरोबर राहील, घंटेआधी तिला कानांवर हेडफोन देईल, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बैठक होईल, एवढं आराखड्यात लिहून घेतलं. मान्य होतं त्यावर सही केली, बाकीची मागणी लेखी ठेवली.

निखिल ऑफिसला गेला. मी काकूंना गाडीत बसवलं आणि म्हणाले, "काकू, तुम्ही नसता तर..."

त्या समोर बघत होत्या. "माझ्या वर्गात एक होती," त्या म्हणाल्या. "अनुराधा. चौथीत. कवायतीचा ढोल वाजला की कान झाकून पळायची. मी तिला धरून आणायची. उन्हात ग्राउंडला चकरा मारायला लावायची. शेरा लिहिला होता, हट्टी आहे. दिवाळीनंतर बापाने शाळेतून काढूनच नेली तिला." मग म्हणाल्या, "त्या दिवशी इरा गाड्यांच्या मधे बसली ना, तशीच बसायची ती. सायकल स्टँडमध्ये."

मी विचारलं, "शोधायचं का तिला? नागपुरातच असेल. आता चाळिशीची असेल ना?"

"त्रेचाळीस."

"सापडली तर काय म्हणाल?"

काकूंनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मी काय म्हणणार? मला ओळखूही नये तिनं," त्या म्हणाल्या. "लांबूनच बघीन. तिच्याजवळ कोणी आहे का, एवढंच."