आज बंद हाय, उद्या या

आमच्या आष्टीतलं शेठजींचं कापड दुकान बुधवारी बंद असतं. शटर खाली, कुलूप लावलेलं, शेठ घरी आडवे झालेले. आणि समोरच्या पायरीवर, इस्त्रीचा सदरा घालून, दुकानातले सर्वांत जुने सेल्समन बब्रूतात्या हजर. सुट्टीच्या दिवशी हा माणूस तिथं काय करतो? गिऱ्हाईक परत पाठवतो. एखादी बाई रस्त्यात नुसती थबकली तरी तात्या उठून हात जोडतात. "आज बंद हाय, ताई. उद्या या. पन दुसरीकडं जाऊ नका."

मी शिंपी. त्याच दुकानाच्या ओट्यावर माझं मशीन. मला सुट्टी परवडत नाही म्हणून मी बुधवारी बसतो, तात्यांना ती सोसत नाही म्हणून ते. एकदा मी म्हणालो, "कशाला उन्हात बसता तात्या? घरी जाऊन पडा की."

"घरी काय हाय रं?" ते म्हणाले. "हितं बसलं तर एखादं गिऱ्हाईक तरी हातचं जात न्हाई."

घरी लेक होती, अश्विनी. बायको पोरगी लहान असतानाच गेली. पण तात्यांना विचारलं तर ते आधी दुकानाची खुशाली सांगायचे.

खाल्ल्या मिठाला जागावं, मान्य. पण तात्यांचं इमान समोरच्याच्या अंगावर येतं. लग्नात पंगतीला बसले की शेजाऱ्याची बाही दोन बोटांत धरून चोळतात आणि तोंड वाकडं करतात, "ह्यो माल आपला न्हाई." एका मयतीत तर रडणाऱ्या पाहुण्याला त्यांनी मिठी मारली आणि पाठीवरून हात फिरवता फिरवता सदऱ्याचं कापड चाचपलं. मी डोळ्यांनी पाहिलं. वाटेत म्हणाले, "लई चांगला मानूस गेला. पन त्या पाव्हन्याचा सदरा एका धुन्यात आकसंल." ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की हे ट्रॅक्टरपाशी जाऊन बायांना बजावणार, "कारखान्याकडं लुगडी घिऊ नका, रंग जातोय." बाया बिचाऱ्या पोटासाठी निघालेल्या, आणि ह्यांना रंगाची काळजी.

शेठना हा माणूस फार सोयीचा. नवा नोकर आला की त्याला तात्यांसमोर उभं करायचं, "निष्ठा शिकायची तर बब्रुवानकडून शिक" म्हणायचं आणि जेवायला घरी जायचं. शेठच्या स्वतःच्या मुलीचा बस्ता मात्र पुण्याला झाला. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडं, दोन्ही घरच्यांनी एका बैठकीत बसून घेतलेली. मालकानंच दुसरीकडं बस्ता बांधला, तर तात्या म्हणतात, "शेठ तिकडचा माल बगायला गेलते." मी हसलो, तर आठवडाभर माझ्याशी अबोला.

अशा या इमानी माणसाची एकच लबाडी मला ठाऊक होती. गठ्ठ्याच्या तळाशी एक साडी होती, आंब्याच्या पानाच्या रंगाची, लाल काठांची. कुणी तिच्याकडे बोट केलं की तात्या हळहळायचे, "तिला डाग हाय, ताई." डाग कसला! ती त्यांनी अश्विनीसाठी अडवून ठेवली होती.

"मग घेऊन टाका की एकदाची," मी म्हणालो.

"न्हाई. पोरीच्या बस्त्यात निघाली पायजे. ह्याच गादीवर, समद्यांच्या देखत, माझ्या हातानं."

अश्विनीचं लग्न ठरलं आणि व्याह्यांनी सांगितलं, बस्ता बीडच्या मोठ्या शोरूमात. तात्या "व्हय" म्हणाले. मुलीचा बाप दुसरं काय म्हणणार?

मलाही बरोबर नेलं. तात्यांना जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाईक व्हायचं होतं आणि ते काही जमेना. तिथल्या पोऱ्यानं साडी उलगडली की हे घडी घालायला लागायचे. घड्या घालत घालत काउंटरच्या पलीकडे कधी गेले, त्यांचं त्यांना कळलं नाही. कुणी अनोळखी बाई म्हणाल्या, "दादा, जरीचं दाखवा." तात्यांनी दाखवलं. पदर खांद्यावर टाकून दाखवलं. मग वाकून हळूच म्हणाले, "हितं घिऊ नका, ताई. आष्टीला या."

मॅनेजर धावत आला. मला हसू आवरेना. व्याही मात्र सगळ्यांसमोर म्हणाले, "आवो, तुमी आज पोरीचे बाप हाव का नोकर?"

माझं हसू जिथल्या तिथं राहिलं. अश्विनीनं मान खाली घातली. तात्या बाहेर गेले आणि शोरूमच्या पायरीवर जाऊन बसले.

लग्नात अश्विनीच्या अंगावर शोरूमचाच शालू होता. तात्यांनी त्या दिवशी कुणाच्याच बाहीला हात लावला नाही. मला ते बघवलं नाही.

लग्नानंतर ती माहेरी आली, नेमकी बुधवारी दुकानासमोर उभी राहिली. तात्या पायरीवर होतेच.

"साडी दाखवा," ती म्हणाली.

"आज बंद हाय. उद्या ये."

"उद्या सासरी जायचंय मला. मग दुसरीकडं जाऊ का?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीनवरचा पाय काढून घेतला होता. मग त्यांनी कमरेची किल्ली काढली. ती बुधवारी कधीच कुलपाला लागली नव्हती. शटर अर्धं वर गेलं आणि बापलेक वाकून आत शिरले.

तात्यांनी गादीवरची चादर झटकली, गठ्ठा काढला आणि वरच्या साडीपासून सुरुवात केली. प्रत्येकीचं कौतुक, प्रत्येकीचा काठ उजेडात धरून. ती प्रत्येक वेळी म्हणायची, "दुसरी." असं करत करत तळाची आली. तात्यांनी ती पूर्ण उलगडली आणि पदर लेकीच्या खांद्यावर टाकला.

"हिला डाग हाय ना, तात्या?"

तिला सगळं माहीत होतं. तात्यांनी पदराचा काठ उजेडात धरला. आवाज निघाला तो गादीवरचाच, गिऱ्हाईकाशी बोलायचा.

"न्हाई, ताई. कोरी हाय."

एवढं बोलून त्यांनी तोंड तिच्या पदरात घातलं आणि मोठ्यानं रडले. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

इतक्यात अर्धं शटर वर बघून एक बाई पायरी चढू लागल्या. मी उठून हात जोडले.

"आज बंद हाय, ताई. उद्या या. आन् दुसरीकडं गेलात तरी चालंल."