सिलेनची सोयरीक

सुरेखाताई बिरादार नव्या माणसाचं नाव विचारत नाहीत. आधी त्याचा डबा उघडायला लावतात. मी नांदेडला एमएस्सीला आले त्या दिवशी त्यांनी माझाही डबा खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. भाजीकडे पाहिलंसुद्धा नाही. ॲल्युमिनियमच्या झाकणावर पडलेल्या बारीक खड्ड्यांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "लोणचं ठेवतीस का गं ह्यात? बघ, कसं खाल्लंय बिचाऱ्याला!"

बिचारा म्हणजे डबा, हे कळायला मला वेळ लागला.

ताई आमच्या प्रयोगशाळेत पीएचडी करतात. गाव निलंगा. धातू त्यांना माणसांसारखे वाटतात. ॲल्युमिनियम समजूतदार, तर मॅग्नेशियम "लई नाजूक लेकरू". हलकं, मजबूत, पण मिठाच्या पाण्यात टाकलं की सोड्यासारखं फसफसायला लागतं आणि झिजतं. या लेकराला वाचवणारा लेप शोधायचा, हे ताईंचं काम. जुना क्रोमेटचा लेप टिकतो चांगला, पण विषारी. म्हणून त्या सिलेनच्या मागे लागल्या.

सिलेन म्हणजे काय, हे पुस्तकात कितीदा वाचूनही माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. विचारायची भीती वाटायची. ताईंनीच ओळखलं.

"अगं, सिलेन म्हंजे सोयरीक जमवणारा मामा. एका हातानं धातूला धरतंय, दुसऱ्या हातानं रंगाला. मधी उभं राहून दोघांना सोडतच न्हाई!"

पण या मामाची एक खोड होती. द्रावण मुरायला ठेवलं की नांदेडच्या उन्हाळ्यात ते दुधासारखं गढूळ व्हायचं. सिलेनचे रेणू धातूची वाट न पाहता आपसातच जोडले जायचे. मग ताई बाटलीवर ओरडायच्या, "भावकीतच सोयरीक केली का रे! लाज न्हाई?" एकदा दारात आलेले पाहुणे प्राध्यापक हे ऐकून तसेच मागे फिरले.

या उन्हाळ्यात मॅग्नेशियमची एकच पट्टी उरली. आधीच्या सगळ्या पट्ट्या चहा येईपर्यंतच फसफसल्या होत्या. ताईंच्या मार्गदर्शक सरांनी सांगून टाकलं, "हिलाही बुडबुडे आले तर मॅग्नेशियम बंद. विषय बदला." त्या दिवशी ताईंनी कोणाचाच डबा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी द्रावणाची बाटली गार राहावी म्हणून ओल्या वाळूच्या घमेल्यात गळ्यापर्यंत पुरली, वर ओलं फडकं टाकलं. आम्ही आळीपाळीनं पाणी शिंपडत होतो. "केळी पिकवल्यावानी करून राहिलो आपण," ताई म्हणाल्या. "कच्चं बी नको, सडकं बी नको." आणि द्रावण काचेसारखं नितळ राहिलं! मग पट्टी घासली, धुतली, द्रावणात बुडवली, ओव्हनमध्ये वाळवली आणि मिठाच्या पाण्यात सोडली.

आम्ही दोघी बीकरला नाक लावून बसलो. चहा आला, गार झाला.

"ताई, तो बुडबुडा का?"

"न्हाई गं! तुझ्या श्वासाची वाफ हाय काचेवर. लांब सरक!"

सकाळी प्रयोगशाळेच्या दारात ताईंनी किल्ली माझ्याच हातात दिली. पट्टी चकचकीत. पाणी शांत. सरांनी चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. "चालू ठेवा मॅग्नेशियम," म्हणाले आणि गेले.

ताई चक्क नाचल्या! घमेलं लाथेनं उलटलं, वाळू दारापर्यंत गेली. मी टाळ्या पिटत होते.

मग त्यांनी फोन काढला. नावं वर सरकवली, खाली सरकवली आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"कोणाला सांगावं गं? माय होती तवर तिला यातलं काय कळत न्हवतं. पर ऐकायची."

मी इस्लापूरला माझ्याच आईला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "आई, आमच्या ताईंचे बुडबुडे थांबले!"

आई काळजीनं म्हणाली, "बरं झालं माय. लई दिसाचा तरास होता का तिला?"

मी समजावून सांगायला तोंड उघडलं. ताईंनी मला हातानं थांबवलं आणि फोन उचलून तोंडाजवळ नेला.

"हाव, मावशी," त्या म्हणाल्या. "लई दिसाचा."