लंगड्या कुर्ल्यांचे मास्तर

मालवणच्या बाजारात कुर्ली घेणारा माणूस आधी तिचे डेंगे बघतो. दोन्ही जागेवर आहेत ना, भरलेले आहेत ना, याची खात्री झाल्याशिवाय पिशवी उघडत नाही, कारण खेकड्यातलं खरं खाणं त्या दोन नांग्यांत असतं. केळुसकर मास्तर मात्र पारू कोळणीच्या टोपलीपुढे उकिडवे बसून विचारायचे, "पारू, लंगडी आसा काय गो एखादी?" आणि दुसऱ्या कोणी फुकटसुद्धा घेतली नसती अशी एका डेंग्याची कुर्ली पूर्ण भावाने घरी न्यायचे. खायला नव्हे, पाळायला.

ऐंशीनंतरची ती वर्षं. मास्तर आमच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत आणि मी मराठी. त्यांच्याच पडवीला लागून असलेल्या खोलीत मी भाड्याने राहत होतो, त्यामुळे हे सगळं मला रोज बघावं लागे. मागीलदारी माडांखाली सिमेंटच्या चार टाक्या, त्यांत खाडीचं पाणी आणि खाडीच्या कुर्ल्या. मी जन्माचा खवय्या. तळहाताएवढ्या कुर्ल्या माझ्या डोळ्यांदेखत म्हाताऱ्या होत होत्या आणि मी खानावळीच्या डब्यातली बटाट्याची भाजी खात होतो. असला छळ मी दुसऱ्या कुठल्या घरमालकाकडे सोसला नसता.

रोज सकाळी मास्तर कुर्ल्यांची हजेरी घेत. त्यासाठी शाळेचं एक जुनं हजेरीपुस्तक होतं आणि प्रत्येक कुर्लीला नाव होतं. नावं सगळी जुन्या हेडमास्तरांची आणि शाळा-तपासनिसांची. एका सुस्त कुर्लीला मात्र त्यांनी माझं नाव दिलं होतं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "ती पण उन्हा वर इल्याशिवाय हलना नाय."

हजेरी घ्यायची ती कोंबाची. डेंगा तुटला की त्या जागी काही दिवसांनी मसुराएवढा कोंब येतो. आत इवलासा डेंगा दुमडून बसलेला असतो आणि कुर्लीने कात टाकली की तो उलगडतो. मास्तर वर्गात शुद्ध मराठी बोलत, टाक्यांपाशी मालवणी. "अंगात काय पेशी अश्यो आसतत," ते मला सांगत, "त्यांनी आपण काय होवचा ता अजून ठरवलला नसता. आमच्या दहावी ब सारख्यो. जखम झाली काय त्यांका काम गावता."

एकदा पेपरात चार ओळींची बातमी आली. परदेशात कोणी उंदराच्या गर्भातून अशाच, काय व्हायचं ते न ठरवलेल्या पेशी काढून काचेच्या बशीत वाढवल्या होत्या. मास्तर आठ दिवस हवेत होते. कात्रण खिशात घेऊन फिरले, शिपायालाही वाचून दाखवलं. नवव्या दिवशी ते तोंड उतरवून शिक्षकांच्या खोलीत आले आणि म्हणाले, "पण तो गर्भ मोडूचो काय नाय, ता कोणी ठरवला?" मी घाईघाईने निबंधाच्या वह्या तपासायला घेतल्या.

मास्तरांची दोनच ब्रीदवाक्यं होती. एक, "पुरावो खंय?" हे ते भुतापासून भाववाढीपर्यंत कुठल्याही विषयावर विचारत. दुसरं, "तोडूचा नाय, तुटलला बघूचा." स्वतः त्यांनी कधी एका कुर्लीचा पायदेखील मोडला नाही.

त्यात एका हंगामात लंगड्या कुर्ल्या भराभर मिळायला लागल्या. पारूच्या टोपलीत दोन-तीन तयारच असत. मास्तर खूश. मग एक दिवस त्यांनी भिंगातून एक ताजी, हाताने पिरगळल्यासारखी जखम पाहिली आणि तीच कुर्ली घेऊन तडक बाजार गाठला. काहीतरी घडणार म्हणून मीही मागोमाग गेलो.

"पारू, हेचो डेंगो कसो तुटलो?"

"मीच तोडलंय," पारू कौतुकाने म्हणाली. "तुमका लंगडी आवडता मा. डेंगे आमी सांबाऱ्यात घातलंव."

मास्तर कुर्ली घेऊन तसेच मागे फिरले. घरी येऊन त्यांनी पारूकडून त्या हंगामात घेतलेल्या अकरा कुर्ल्यांच्या नावांपुढे लाल शाईने 'माझ्यामुळे' असं लिहिलं आणि अकराच्या अकरा खाडीत सोडून आले. त्यांतल्या चौघींचे कोंब फार सुरेख आले होते. मी म्हटलं, निदान टिपणं तरी ठेवा. "तोडून मिळवललो पुरावो माका नको," ते म्हणाले आणि टिपणांची पानं त्यांनी फाडली. त्यानंतर जाळ्यात अडकून आपसूक डेंगा गेलेल्या कुर्लीशिवाय ते कशाला हात लावीनात.

पण पैसे मोजून घेतलेल्या कुर्ल्या मास्तरांनी खाडीत सोडल्याचा बाजारात बोभाटा झाला, मग तो बाजारातच कसा राहील? केळुसकर मास्तर तुटलेला अवयव परत आणतात, असं किनाऱ्यावर सगळीकडे झालं. आणि एका रविवारी सकाळी बाबल आला. ट्रॉलरवर काम करणारा तिशीचा गडी. दोराबरोबर त्याचा उजवा हात यंत्रात ओढला गेला होता. मधली तीन बोटं गेली होती, अंगठा आणि करंगळी तेवढी उरली होती. त्याने फडकं सोडून हात पुढे केला.

"मास्तरांनू, माका कोंब कधी येतलो?"

मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी भिंग काढलं, तो हात बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "बघूया."

त्या एका शब्दावर बाबल दर रविवारी येऊ लागला. किनाऱ्यावर बसून जाळी शिवायचं काम त्याला मिळत होतं, तेही तो घेईना. डाव्या हाताने शिकायचं कशाला, कोंब येणारच आहे, हा त्याचा हिशेब. घरी दाराआड बसून जेवायचा आणि बायको भरवायची. डाव्या हाताने चार माणसांत जेवायची त्याला भयंकर लाज होती. मास्तर दर रविवारी भिंग लावत आणि दर सोमवारी वर्गात चुकीचं गणित मांडत. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची.

पाचव्या रविवारी त्यांनी भिंग काढलंच नाही. "बाबल, माणसाक कोंब येणा नाय. कुर्लेक येता, पालीच्या शेपटेक येता, माणसाक नाय. पुढे कधी येयत तर माका ठाऊक नाय. ह्या पयल्याच दिसा सांगूक व्हया होता. माझा चुकला."

बाबल उठला, त्याने हाताला पुन्हा फडकं गुंडाळलं आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तर एक बादली घेऊन त्याच्या घरी निघाले. कडी धरायला मी होतोच. बादलीत एक जुनी कुर्ली होती. तिचा उजवा, मोठा डेंगा जाळ्यात गेला होता. दोनदा कात टाकल्यावर उजवीकडे नवा डेंगा आला, पण बारीक. आणि डावा, जो आधी नाजूक होता, तो जाडजूड झाला होता. शिंपले फोडायचं काम आता तोच करत होता. मास्तरांनी एक शिंपला टाकून ते दाखवलं.

"ह्यो पुरावो," ते म्हणाले.

बाबल बादलीत बघत राहिला. मग म्हणाला, "ती कात टाकता, मास्तरांनू. मी काय टाकू?"

"लाज," मास्तर म्हणाले.

परतल्यावर मी केळुसकर काकींपाशी सहज म्हटलं की मास्तर हल्ली धोतरावर फार सांडतात. काकी हसल्या नाहीत. "बाबलाक 'बघूया' म्हटल्यानी मा, त्याच दिसापासून डाव्या हातान जेवतत. रोज अर्धो भात खाली. इचारलंय तर म्हणतत, दुसऱ्याक सांगूच्या आधी आपणावर करून बघूक व्हया." मी उगाच टाक्यांकडे गेलो.

पुढे महिन्याभराने धामापूरला भगवतीच्या देवळात महाप्रसाद होता. मास्तरांनी बाबलला जवळजवळ हाताला धरूनच पंगतीत बसवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी बसले. पत्रावळीवर भात आला, काळ्या वाटाण्याचं सांबारं आलं. बाबल दोन्ही हात मांडीत घेऊन खाली बघत होता. मास्तरांनी डाव्या हाताने भात कालवायला सुरुवात केली.

"मास्तर, देवळात डावो हात?" समोरच्या पंगतीतले एक म्हातारे गृहस्थ गरजले.

"उजवो दुखता," मास्तर म्हणाले.

"पुरावो खंय?" पंगतीच्या टोकाकडून त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलं, आणि दोन्ही पंगती हसल्या. मी हसलो, पण जेवलो उजव्याच हाताने. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं.

त्या हसण्यात बाबलने डावा हात कधी उचलला ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मी बघितलं तेव्हा तो सावकाश, नीट घास घेत होता. महिनाभर त्यानेही दाराआड सराव केलेला दिसत होता. त्याची पत्रावळ आधी संपली. मग त्याने मास्तरांच्या कोपरापर्यंत गेलेल्या सांबाऱ्याकडे पाहिलं.

"मास्तरांनू," तो म्हणाला, "तुमचो हात अजून कोंबच आसा."

मास्तरांनी पुरावा मागितला नाही. तो त्यांच्या धोतरभर सांडलेला होता.